पाश्चात्त्य ज्ञान म्हणजेच जगाचं ज्ञान का? सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही काही जण निर्वसाहतवादी विचारांचं वाचन करतो. कॉलेजची मुलं येतात, शाळेतले शिक्षक येतात, हळदीचे शेतकरी आणि निवृत्त मंडळीही येतात. प्रत्येक बैठकीत काही प्रश्न हमखास निघतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जिथे आपल्या भागाचा थेट संबंध आहे तिथे मी हात आखडता घेतलेला नाही.

हा विचार थोडक्यात काय सांगतो?

राज्य गेलं तरी राज्यकर्त्यांनी लावलेली उतरंड जात नाही, हे त्याचं मूळ म्हणणं. पेरूचे समाजशास्त्रज्ञ अनिबाल किहानो यांनी १९९० च्या सुमारास त्यासाठी ‘वसाहतिकता’ ही कल्पना मांडली. लॅटिन अमेरिकेतले बहुतेक देश एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच स्पेन आणि पोर्तुगालच्या तावडीतून सुटले होते. तरीही कोणाची मजुरी स्वस्त, कोणाची भाषा अडाणी, कोणाचं सांगणं ‘ज्ञान’ आणि कोणाचं नुसती ‘समजूत’, हे पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं जुन्याच मापाने ठरत राहिलं.

अर्जेंटिनात जन्मलेले तत्त्वज्ञ एन्रिके दुसेल यांचं एक म्हणणं आमच्याकडे सगळ्यांना पटकन भिडतं. देकार्तने १६३७ मध्ये ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ असं मांडलं. पण त्याआधी १४९२ पासून युरोप ‘मी जिंकतो, म्हणून मी आहे’ या भावनेने जगभर फिरत होता. जिंकणाऱ्याला आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत हे सांगावं लागत नाही. त्याला वाटतं, आपण कुठूनच बोलत नाही, सगळीकडून बोलतो. आक्षेप आहे तो या वाटण्यावर.

वसाहतोत्तर विचार आणि हा एकच का?

नातं जवळचं, पण सुरुवात वेगळी. पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सैद यांचं १९७८ चं लेखन किंवा १९८२ पासून आपल्याकडच्या सबाल्टर्न, म्हणजे तळातल्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या, इतिहासकारांनी केलेलं काम मुख्यतः ब्रिटिश-फ्रेंच साम्राज्यांकडे पाहतं. लॅटिन अमेरिकी मंडळी कोलंबसापासून मोजायला लागतात. बैठकीत आम्ही दोन्ही वाचतो आणि नावांवरून भांडत नाही.

सफरचंद सांगलीतही खालीच पडतं. मग ‘वैश्विक’ म्हणण्यात चूक काय?

हा प्रश्न विज्ञान शिकवणारे शिक्षक विचारतात, आणि विचारायलाच हवा. गुरुत्वाकर्षणाला कोणी हरकत घेतलेली नाही. हरकत आहे ती काही माणसं मोजून सगळ्या माणसांबद्दल बोलण्याला.

कॅनडातल्या तीन संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतल्या प्रयोगांत घेतलेल्या माणसांपैकी सुमारे ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा होता सुमारे १२ टक्के. निष्कर्षांच्या वर मात्र ‘माणूस असा वागतो’ असं लिहिलेलं असायचं.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की ऑक्सिजन धोक्याइतका उतरलेला असूनही यंत्र तो ठीक दाखवतं, हे गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. कातडीचा रंग गडद असला की आकडा फसवा ठरू शकतो. आपण सगळे त्याच आकड्यावर धावपळ करत होतो.

तिसरं म्हणजे वजनाचं माप, बीएमआय. त्याचं मूळ सूत्र बेल्जियमच्या केतले यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपीय माणसांच्या मोजमापांवरून काढलं. पुढे २५ च्या वर ‘वजन जास्त’ अशी रेघ जगभर धरली गेली. आपल्या लोकांत मधुमेहाचा धोका त्याआधीच सुरू होतो हे दिसल्यावर भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये ही रेघ २३ वर आणली. तिन्ही ठिकाणी दुरुस्ती विज्ञानानेच केली, हे लक्षात घ्या. पण ‘हे कोणावर मोजलं?’ असं कोणीतरी विचारल्यावरच ती झाली.

मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. ते नेमकं काय आहे?

माझ्या मते या संपूर्ण विषयात आपल्या भागाकडे असलेलं हे सगळ्यात मोलाचं उदाहरण आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार आणि तंबोरे बनतात. हत्यारांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही कला उचलली. भोपळे पंढरपूरकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्याचा जीव जवारीत, म्हणजे तारेच्या खास झंकारात, असतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी मंद उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर हलकेच घासत थरथरते. कारागीर घोडी कानसेने घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत आवाज खुलतो ती जागा पकडतो. याचं मोजमाप कुठे लिहिलेलं नाही. ते कानात आणि मनगटात असतं.

आता युरोपातल्या ध्वनिशास्त्राचा एक नियम बघा. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने तो ओळखला जातो. तार जिथे छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वराची) स्थिर गाठ, म्हणजे न हलणारी जागा, येते तो उपस्वर ऐकू येणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे तार बरोबर मधोमध छेडली, तर वरच्या सप्तकातला तोच स्वर उमटायला नको. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखवलं की या वाद्यांत तो स्वर चांगला ठणठणीत ऐकू येतो. तारेचं टोक धारदार, पक्क्या कडेवर बसलेलं आहे असं त्या नियमाने गृहीत धरलं होतं. व्हायोलिन-पियानोच्या जगात ते गृहीत सहज खपून गेलं. आपली घोडी त्या गृहीतात बसत नाही.

नियम खोटा ठरला का? नाही. त्याची हद्द कळली, आणि भौतिकशास्त्र तेवढं मोठं झालं. ‘वैश्विक’ दाव्याला आव्हान देणं म्हणजे काय, हे मला यापेक्षा चांगलं कुठल्याही ग्रंथात सापडलेलं नाही. एक गोष्ट मात्र सलते. जवारी जमवणाऱ्या हातांना आपण अजूनही ‘कारागीर’ म्हणतो आणि तिचं गणित मांडणाऱ्याला ‘शास्त्रज्ञ’. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकच होती.

देवल आणि क्लेमेंट्स यांच्या श्रुतिपेटीचं काय झालं?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, नेमक्या किती कंपनांच्या, हे त्यांना ठरवायचं होतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाचा आधार घेऊन त्यांनी मोजमाप केलं आणि १९१० मध्ये ते छापलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे मुलकी सेवेतले इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. श्रुती दाखवणारी खास हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांसह अनेकांनी हरकत घेतली आणि पेटी मान्य झाली नाही. श्रुती म्हणजे एका जागी खिळलेला बिंदू, हे गृहीतच गाणाऱ्यांच्या अनुभवाला धरून नव्हतं. रागागणिक, मींडेगणिक (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) स्वराची जागा हलते.

पण इथे भातखंड्यांना विजयी वीर करून थांबणं बरोबर होणार नाही. त्यांनीही रागांना दहा थाटांच्या, म्हणजे मूळ स्वरसमूहांच्या, चौकटीत बसवलं, आणि उस्तादांची विद्या लिहून घेताना उस्तादांच्या समजेवर त्यांचा भरवसा कमीच होता. पंडिताच्या वहीत आलं तेच शास्त्र, ही खूणगाठ साहेबाकडून आली तशी आपल्या घरातूनही आली.

इतिहासाच्या बाबतीत साताऱ्याचा काय संबंध?

फार जवळचा. १८१८ नंतर साताऱ्यात ब्रिटिशांचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या जेम्स ग्रँट डफने इथले कागद गोळा केले आणि १८२६ मध्ये लंडनहून मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. मेहनत खरी होती. पण सह्याद्रीतल्या वाळक्या गवताला वणवा लागावा तसा मराठ्यांचा उदय झाला, अशी त्याची मांडणी होती. वणव्याला विचार नसतो, धोरण नसतं. १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी नेमकं यालाच उत्तर दिलं. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या चुका जाहीरपणे दाखवल्या होत्या. वाईला हाती लागलेल्या कागदांतून इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तर उपसलं. ‘आमचे कागद आम्ही वाचू’ हा बाणा कृष्णाकाठी त्या काळी चांगलाच रुजला होता.

मग प्रश्न संपला का? कागद कोणाच्या घरी होते ते बघा. सरदारांच्या वाड्यात, फडणिसांच्या पेटाऱ्यात. कुणबी, महार, रामोशी, धनगर यांच्या घरी दफ्तर नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं, तेव्हा त्यांनी डफला आणि दफ्तरखान्याला एकाच वेळी प्रश्न विचारला होता. राजवाडे-खऱ्यांचं ऋण मी मानतो. तरी फुल्यांचा प्रश्न मला जास्त खोल वाटतो.

हळदीचं पेटंट या विषयात येतं का?

येतं, आणि सांगलीत तरी ते माहीत असायलाच हवं. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. विजय मोठाच होता. पण तो कशाच्या जोरावर मिळाला? संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे छापील पुरावे द्यावे लागले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून चालत नव्हता. छापलेलं असेल तरच ते ‘आधीपासून माहीत’ धरलं जाई. कोट्यवधी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोराच्या गुडघ्यावर लावलेली हळद मोजलीच गेली नाही. कारण ती कुठे छापून आलेली नव्हती.

पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. त्याचा उपयोग झाला आहे. पण तिथेही प्रामुख्याने ग्रंथातलंच ज्ञान आलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं टिकवणारे खड्डे, २००५ च्या महापुराने पुष्कळशी निकामी केली. कुठली माती पेवाला चालते, आतून लिंपायचं कसं, उघडताना काय सांभाळायचं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता म्हातारी झाली आहेत.

म्हणजे आपलं जुनं ते सगळं खरं? हे अंधश्रद्धेला खतपाणी नाही का?

नाही, आणि इथे मला जराही मोघम बोलायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात बसून ‘विज्ञान पाश्चात्त्य आहे, म्हणून सोडा’ असं म्हणणं मला शक्य नाही. पुराणातली विमानं आणि गणपतीची प्लास्टिक सर्जरी सांगणारे लोक स्वतःला निर्वसाहतवादी म्हणवतात, तेव्हा ते या विचाराचं नाव वापरून त्याच्या उलट वागत असतात. विज्ञानाच्या अभ्यासक मीरा नंदा यांनी या धोक्याची सूचना वीस वर्षांपूर्वीच दिली होती. आमच्यातल्या काहींना ती टीका कडवट वाटते. मला ती आवश्यक वाटते.

शेतात साप चावला तर तडक दवाखाना गाठायचा, मांत्रिक नाही. आता दवाखान्यात मिळणाऱ्या सापाच्या लशीकडे, म्हणजे प्रतिविषाकडे, बघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्धच्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाची सहकारी संस्था पुरवते. ती १९७८ पासून चालते. साप शोधण्याचं आणि न मारता धरण्याचं इरुलांचं ज्ञान त्या बाटलीत आहे. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रांतागणिक बदलतं, म्हणून एका भागातल्या विषावर बनवलेली लस दुसरीकडे तेवढी लागू पडत नाही, हेही संशोधनातून पुढे आलं आहे. कसोटी विज्ञानाला आणि परंपरेला, दोघांनाही एकच: प्रश्न विचारू देता का, आणि चूक निघाली तर बदलता का?

फुले आणि आंबेडकर तर पाश्चात्त्य विचारांवरच उभे होते. मग ते तुमच्यात कसे?

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. फुल्यांनी टॉमस पेन वाचला, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले, आणि १८७३ चं आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलं. आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना मसूर स्टेशनवर गाडीवाला मिळेना, कारण मुलं महाराची आहेत हे कळलं होतं. ‘आपल्या’ परंपरेने त्याला काय दिलं हे विसरून परंपरेचा गौरव करणं हा मला अन्याय वाटतो.

म्हणून आपल्याकडे निर्वसाहतवाद एका पायावर उभा राहत नाही. लंडनने लादलेली उतरंड आणि गावाने लादलेली उतरंड, दोन्ही मोडायच्या आहेत. फुल्यांनी इंग्रजी विचार उचलला तेव्हा इंग्रजांना सोडलं असंही नाही. शेतकऱ्यावरचा सारा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा आळस, दोन्हींवर त्यांनी कोरडे ओढले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना रयतेच्या पैशातून वरच्या जातींचं शिक्षण चालतं, हे त्यांनी सरकारला तोंडावर सुनावलं.

हैतीतल्या गुलामांनी १७९१ ते १८०४ या काळात हेच केलं. फ्रेंचांनी लिहिलेले माणसाचे हक्क त्यांनी स्वतःला लावून घेतले आणि फ्रेंचांनाच हाकललं. ‘सगळी माणसं’ या शब्दांना तोपर्यंत फार अरुंद अर्थ होता, तो त्यांनी रुंद केला. आंबेडकर एक पाऊल पुढे गेले. १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतली. सर्व माणसांना लागू असणारं मूल्य युरोपातच जन्मावं लागतं, ही समजूत त्यांनी तिथे मोडली. मूल्य मात्र सोडलं नाही.

पत्री सरकार यात मोडतं का?

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यातल्या गावांत (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच होता) न्यायदान मंडळं चालवली, कमी खर्चाची लग्नं लावली. इंग्रजी कोर्टाशिवाय न्याय करता येतो हे शेतकऱ्यांनी करून दाखवलं. शिक्षा कधी कधी क्रूर होत्या, तेही त्याच इतिहासात वाचलं पाहिजे.

मग मुलांना मराठी शाळेत घालायचं की इंग्रजी?

केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून गिकुयु भाषेत लिहायला घेतलं. त्यांचा निर्णय मला थोर वाटतो. पण ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक येतं आहे, त्यांच्या पोराला ‘तू इंग्रजी शिकू नकोस’ असं सांगायचा हक्क मला नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली ती वाट रुंद करायला. मराठीची जबाबदारी पोरांवर टाकू नका, मोठ्यांनी घ्या. वाईत प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शास्त्रं शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्याच गावात बसून मराठी विश्वकोश उभा केला. अणुकेंद्रापासून हरभऱ्यापर्यंत सगळं मराठीत मांडता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

या विचारावर गंभीर आक्षेप कोणते?

दोन मला वजनदार वाटतात. नायजेरियात जन्मलेले तत्त्वज्ञ ओलुफेमी ताइवो म्हणतात, आफ्रिकी माणसांनी आधुनिक कल्पना विचारपूर्वक स्वीकारल्या आणि बदलल्या. त्यांना नुसतं ‘मेंदूने गुलाम’ ठरवणं म्हणजे त्यांचं कर्तेपण नाकारणं होय. फुल्यांकडे बघितलं की हे पटतं. दुसरा आक्षेप बोलिव्हियाच्या सिल्विया रिवेरा कुसिकान्की यांचा: अमेरिकी विद्यापीठांत बसून अवघड परिभाषेत निर्वसाहतवाद शिकवणारे लोक आदिवासींच्या लढ्यांतून शब्द उचलतात, पण सत्ता आणि पगार आपल्याकडेच ठेवतात. आम्ही सांगलीत वाचतो तेही बहुतेक इंग्रजीतून आलेलं असतं. म्हणून हा आक्षेप आमच्यावरही लागू आहे.

मला काही करायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

ग्रंथांच्या यादीपासून नको. आपल्या गावातलं एक काम निवडा: जवारी लावणं, पेव भरणं, गुऱ्हाळात काहील कधी उतरवायची ते ओळखणं, मेंढरांच्या रोगावर धनगर करतात ते उपाय. ते करणाऱ्या माणसाकडे दोन-चार हंगाम जा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि त्याची प्रत त्यांच्या घरी ठेवा. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ पासून हाच आग्रह धरला आहे की संशोधनाचा विषय काय, ते कोणासाठी आणि त्यातून कोणाला काय मिळणार, हे त्या समाजाने ठरवावं. लिहून झालं की त्यांना मराठीत वाचून दाखवा. कुठे चुकलं ते तेच सांगतील. नाव छापायचं की नाही, आणि कुठली गोष्ट घरातच राहू द्यायची, हेही त्यांनाच विचारा.